जिजींच्या बॅटऱ्यांची पंगत

आमच्या जिजींच्या कुठल्याही लुगड्याला भोक नाही असं कधी झालं नाही. गरिबीची भोकं नव्हती ती, तेजाबाची होती. बॅटरीतल्या तेजाबाचा थेंब उडाला तर तो उडताना कळत नाही. लुगडं धुवायला टाकलं की कळतं, चोळताना बोट आरपार जातं. जिजी वैतागायच्या नाहीत. वाळलेलं लुगडं मांडीवर घ्यायच्या आणि भोकाच्या कडेनं रंगीत दोऱ्याचं एक फूल काढून टाकायच्या. जितकं लुगडं जुनं तितका त्याच्यावरचा बगीचा दाट. एकदा हळदीकुंकवात एका मास्तरांच्या बायकोनं विचारलं, असं नक्षीचं लुगडं कुठल्या दुकानातून घेतलं हो? जिजी म्हणाल्या, आमच्याच. खोटं कुठे होतं?

जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ. राजपुऱ्यात, यंत्रमागवाल्यांच्या मोहल्ल्यात, आमची घरं एका भिंतीला लागून. जिने दोन, गच्ची एक. माझे मोठे दीर, त्यांना सगळे आबा म्हणायचे, बॅटरी चार्जिंगचं दुकान चालवायचे. जिजी रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन जायच्या. आबा जेवेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून बॅटऱ्यांत पाणी भरायला लागल्या. मग तारा जोडायला लागल्या. आबा गेले तेव्हा लोकांना वाटलं दुकानाला कुलूप लागणार. तेराव्यानंतर जिजींनी किल्ली कमरेला खोचली आणि दुकान उघडलं. पुढची नऊ वर्षं ते त्यांनी एकटीनं चालवलं. धूलकोटकडचे ट्रॅक्टरवाले त्यांना बॅटरीबाई म्हणायचे. नवा माणूस आला की आधी दुकानात डोकावून विचारायचा, मिस्त्री कुठे आहे? जिजी म्हणायच्या, जेवायला गेला, तोवर मी बघते. मिस्त्री काही परत यायचा नाही, पण बॅटरी दुरुस्त व्हायची.

माणसांनाही त्या व्होल्टमध्येच मोजायच्या. आमचे हे स्वभावाचे गरीब, कुणी आवाज चढवला की गप्प होणारे. त्यांच्याशी माझी एकदा बाजारहाटावरून कुरबूर झाली, ती भिंतीपलीकडे ऐकू गेली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जिजी म्हणाल्या, "ऐक व माय सुमन, तुझा नवरा सहा व्होल्टचा आहे. त्याला बारावर लावशील तर जळून जाईल." मी विचारलं, आणि मी किती व्होल्टची? तर म्हणाल्या, तुझं अजून मोजलं नाही, काटा फिरतच राहतो.

गुडघे गेले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. ते दिवस कटौतीचे होते. ज्यांनी आमच्याकडे ते दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. सकाळी लाइट गेली की दुपार तशीच जायची, संध्याकाळीही भरवसा नाही. यंत्रमाग थांबले की राजपुऱ्यात एकदम शांतता व्हायची, तीच आमची कटौतीची सूचना. अशाच एका संध्याकाळी जिजी जिन्यावरून घसरल्या. हाड मोडलं नाही, पण अर्धं अंग काळंनिळं झालं. त्यांचा एकुलता मुलगा विनू इंदूरला नोकरीला. तो आला, आईचा सुजलेला पाय बघितला, आणि सांगून मोकळा झाला: आई, आता बस. हे घर बंद करायचं, तू माझ्याकडे यायचं.

विनू वाईट मुलगा नव्हता. रागात नाही, रडवेला होऊन बोलत होता. पण जिजींनी त्या घरात चाळीस वर्षं काढलेली. इंदूरला त्या दोनदा राहून आल्या होत्या. तिथे चौथ्या मजल्यावर सगळं होतं, फक्त मला करायला काही नव्हतं, असं त्या सांगायच्या. मी म्हटलं, जिजी, विनू एखादा नवा इन्व्हर्टर घेऊन देईल की. त्या हसल्या. म्हणाल्या, इन्व्हर्टर लाइटीवर पोट भरतो. लाइट दिवसभर नसली तर तो काय खाईल, माझं डोकं? मग विनूकडे वळून त्यांनी आपली अट घातली.

"आखाजीला तुम्ही सगळे या. दिवसभर पंखा आणि संध्याकाळी दिवे, सगळं मी माझ्या बळावर चालवून दाखवीन. एकदा जरी बंद पडलं तर माझी पिशवी भरलेली असेल, मी गाडीत बसेन. नाही पडलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

विनूनं विचारलं, चालवणार कशावर? जिजींनी वर बोट केलं. विनूला वाटलं देवावर. जिजींनी सूर्य दाखवला होता.

तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन महिने. दुसऱ्याच दिवशी लंगडत लंगडत जिजी मला घेऊन रफीकभाईंच्या भंगारात गेल्या. रफीकभाई आबांच्या वेळचे, मेलेल्या बॅटऱ्या त्यांच्याकडेच जायच्या. तिथे काय नव्हतं. रस्त्यावरच्या सोलर दिव्यांचे खांब ट्रकनं पाडले की त्यांच्या प्लेटा तिथे यायच्या. तशा तीन मिळाल्या, एकीच्या कोपऱ्याला तडा. बॅटऱ्या तर एकीसारखी दुसरी नाही. जुन्या जीपांच्या सहा व्होल्टच्या, ट्रॅक्टरांच्या बाराच्या, आणि टेलिफोनच्या केंद्रातून निघालेले दोन-दोन व्होल्टचे सेल, एकेक पाण्याच्या हंड्याएवढा. जिजी एकेकीवर बोटाच्या पेरानं ठोकायच्या, कान लावायच्या, आणि हिला घे, हिला राहू दे म्हणायच्या. रफीकभाई बघत होते. म्हणाले, "आपा, मेरे कबाड़ की शादी लगा रही हो क्या?" जिजी म्हणाल्या, शादी नंतर, आधी पत्रिका बघते.

पत्रिका म्हणजे दिव्याची परीक्षा. प्रत्येक बॅटरी पूर्ण भरायची आणि तिला एक ठरलेला दिवा जोडून सोडायचं. दिवा किती वेळ जळतो ते घड्याळ लावून बघायचं आणि बॅटरीच्या पोटावर खडूनं लिहायचं. जिजींची सगळी ओसरी खडूच्या आकड्यांनी भरून गेली. त्या नेहमी म्हणायच्या, बॅटऱ्या म्हाताऱ्या होऊन मरत नाहीत, उपासमारीनं मरतात. तिथे ते खरं होताना मी बघितलं. लोकांनी मेली म्हणून फेकलेली एक जीपची बॅटरी आठ दिवस हळूहळू चारल्यावर सकाळपासून दुपारपर्यंत दिवा जाळत बसली. जी मात्र खरंच गेलेली होती, ती परत रफीकभाईंकडे. माहेरी पाठवली, म्हणायच्या.

मला वाटायचं, बारा व्होल्ट झाले की झालं, काहीही जोडा. जिजींनी मला पंगतीवरून समजावलं. म्हणाल्या, माणसांच्या पंगतीत शेवटच्या म्हाताऱ्याचं जेवण होईपर्यंत कुणी उठत नाही. बॅटऱ्यांचं उलटं. एका तारेत बसवल्या की ज्याचं पोट सगळ्यांत लहान तो आधी उठतो, आणि उठताना सगळ्यांना उठवतो. म्हणून सारख्या भुकेच्या सारख्या पंगतीत. अशा त्यांनी बारा-बारा व्होल्टच्या तीन पंगती मांडल्या. दुसरीत जीपच्या सहा-सहाच्या दोघी. तिसरीत ट्रॅक्टरवाली एकटी, ती मुळातच बाराची. पहिली पंगत सगळ्यांत मोठी, तिच्यावर दुपारचा पंखा चालायचा होता. तिच्यात टेलिफोनचे तीन सेल, म्हणजे सहा झाले. उरलेल्या सहासाठी जिजींनी आतल्या खोलीतून एक काळ्या रबरी पेटीची बॅटरी आणली, पदरानं पुसली, आणि पंगतीच्या सुरुवातीला ठेवली.

ती आबांची होती. दुकान काढलं तेव्हा आबांनी स्वतःच्या हातानं प्लेटा बसवून ती बनवली होती, आणि पुढे कितीतरी वर्षं दुकानातला रेडिओ तिच्यावर वाजायचा. जिजी म्हणाल्या, घरात पंगत आहे तर मानाचं पान ह्यांचं. मी मान डोलावली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. घरात असंच असतं.

प्लेटा गच्चीवर चढल्या, एक खटका बसला, ज्यानं एक पंगत उठवून दुसरी बसवता यायची. पंखा आणि दिव्याच्या नळ्या जुन्या बसमधल्या, बारावर चालणाऱ्या. गुढीपाडव्याला पहिली चाचणी ठरली. मी श्रीखंडाचं भांडं मांडीवर घेऊन पंख्याखाली बसले. वारा छान आला. पाऊण तासात पंखा असा मंदावला की पाती मोजता येऊ लागल्या. मग थांबला.

जिजी धडपडत गच्चीवर गेल्या, मी मागे. आणि तिथे माझी चोरी पकडली गेली. त्या काळ्या काचेच्या तिरप्या प्लेटा उन्हात इतक्या तापायच्या, की मला राहवलं नव्हतं. साबुदाण्याच्या पापड्या मी दोन दिवस त्यांच्यावरच वाळवत होते. खाटेपेक्षा निम्म्या वेळात कडकडीत व्हायच्या. जिजींनी माझ्याकडे बघितलं, पापड्यांकडे बघितलं. एक उचलून मोडली, खाल्ली. म्हणाल्या, वाळल्यात चांगल्या. पण सूर्याच्या ताटावर तू आपलं ताट ठेवलंस, खाली सगळी पोरं उपाशी.

मी सगळ्या पापड्या उचलल्या आणि आठ दिवस जिजींच्या तोंडासमोर गेले नाही. पंगती पोटभर भरल्या. पुन्हा चाचणी. पंखा पुन्हा पाऊण तासात बसला. आता माझा दोष नव्हता याचा मला आनंद झाला, खोटं का बोलू, पण जिजींचा चेहरा बघून तो टिकला नाही. दुसरी आणि तिसरी पंगत नीट चालत होती, पहिलीच दगा देत होती. जिजींनी सगळं टेलिफोनच्या सेलांवर ढकललं. सरकारी नोकरीतून आलेत, वेळेआधीच उठायची सवय असणार. तारा बदलल्या, टोकं घासली, त्या सेलांना तीनदा दिव्याच्या परीक्षेला बसवलं. तिन्ही वेळा ते पहिल्या नंबरानं पास. आखाजीला दोन आठवडे राहिले. एक दिवस मी गेले तर जिजींनी कपाटातून लुगडी काढून खाटेवर दोन ढीग केले होते. मी विचारलं नाही. एक ढीग इंदूरचा होता, ते दिसतच होतं.

त्या दिवशी पंखा बसल्यावर मी सहज पंगतीवरून हात फिरवला. तिन्ही सेल थंडगार होते, काळी पेटी कोमट होती. ताप आलेल्या मुलाच्या कपाळासारखी. मी हात काढला. वाटलं, सांगू नये. मग त्या खाटेवरच्या ढिगाकडे लक्ष गेलं.

मी म्हटलं, "जिजी, तुम्ही सगळ्यांची परीक्षा घेतली. आबांची घेतली का?"

त्या टोकं घासत होत्या, घासायच्या थांबल्या. म्हणाल्या, "ह्यांची परीक्षा मी कशी घेऊ?"

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भाजीची वाटी अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर ठेवायच्या, मी उचलायचे, रिकामी वाटी भिंतीवर. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून हाक आली, सुमन, चहा घेऊन ये, दोन कप. गेले तर काळी पेटी ओसरीवर, तिला दिवा जोडलेला. आम्ही दोघी समोर चहा घेऊन बसलो. माझा कप अर्धा झाला तेव्हा दिवा पिवळा झाला, संपला तेव्हा लाल झाला आणि गेला.

मला वाटलं जिजी रडतील. त्यांचे खांदे हलायला लागले म्हणून मी जवळ सरकले, तर त्या हसत होत्या. म्हणाल्या, "जेवायलाही अस्सेच होते ग. दोन घास खाल्ले की हात धुवायला तयार. मी अजून वाढतेच आहे आणि हे पाटावरून उठलेले." मग पदरानं डोळे पुसले, तेव्हा थोडं रडूही त्यात होतं.

चहाचे कप विसळून आणेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. म्हणाल्या, चूक माझीच. गेलेल्या माणसाचं पान पंगतीत मांडतच नाहीत, वेगळं वाढतात. आखाजीला घागर भरताना आपण तेच करतो, आणि मीच विसरले. त्यांनी आबांची बॅटरी उचलून देवघरात नेली. तडा गेलेली प्लेट तिला एकटीला दिली आणि एक इवलासा दिवा. त्या एवढ्याशा दिव्याला तेवढं पोट पुष्कळ होतं.

राहिली पहिली पंगत, तिला आणखी तीन सेल हवे होते. रफीकभाई म्हणाले, टेलिफोनचे होते तेवढे दिले, आता नाहीत. जिजी त्यांच्या गल्ल्याच्या फळीखाली वाकून बघत राहिल्या. फळी ज्याच्यावर टेकली होती ते तीन पाय हंड्याएवढे होते. रफीकभाईंनी कपाळाला हात लावला. "आपा, आबासाहब भी ऐसे ही नीचे झाँकते थे," म्हणाले, आणि गल्ला विटांवर चढला.

आखाजीला विनू, सूनबाई आणि नात सकाळीच आले. दाराशी जिजींची पिशवी भरून ठेवलेली होती, शब्द दिला होता म्हणून. विनूनं ती बघितली आणि नजर वळवली. आबांच्या नावाची घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं, पान वेगळं वाढलं. अकराच्या सुमाराला माग थांबले. राजपुरा गप्प झाला. जिजींनी खटका दाबला.

वैशाखातलं आमच्याकडचं ऊन, भिंतीला पाठ टेकवत नाही. त्यात पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण. विनू जेवताना अर्धा वेळ पंख्याकडे बघत होता. बोटानं वेग मोजत असावा. मीही बघत होते, माझा आमरस तसाच राहिला. पाऊण तास झाला. एक तास. दोन. टेलिफोनचे सहाही जण एका ओळीत बसून आपलं काम करत राहिले, ते तीन वाजता जिजींनीच त्यांना उठवलं आणि जीपच्या दोघींना बसवलं. संध्याकाळी शेजारपाजार ओट्यावर पदरानं वारा घेत बसला होता, आणि आमच्या ओसरीवर बसच्या नळ्यांचा पांढरा उजेड पडला होता. शेजारच्या बायका आपली पोरं घेऊन तिथेच आल्या. जिजी सगळ्यांना पापड्या वाटत होत्या. सुमनच्या, म्हणायच्या, उन्हात वाळवलेल्या, आणि माझ्याकडे बघायच्या.

मग गल्लीत एकदम आली, आली असा आवाज झाला. लाइट आली होती. आमच्या ओसरीवर कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण बदललं काहीच नाही. विनू उठला. दाराशी गेला, पिशवी उचलली. तो पिशवी घेऊन आत गेला आणि आईची लुगडी एकेक करून कपाटात लावायला लागला. जिजींनी मला कोपरानं ढोसलं. म्हणाल्या, मुलगा बाराचा निघाला ग.

पुढे अकरा वर्षं जिजी त्या घरात राहिल्या. कटौती कमी झाली, पुढे जवळजवळ गेलीच, तरी त्यांचा पंखा सूर्यावरच. पंगतीतले पाहुणे बदलत गेले. टेलिफोनचा एकेक सेल माहेरी गेला, त्याच्या जागी दुसरं कुणी आलं, प्रत्येकाची आधी पत्रिका बघून. दर गुरुवारी पाणी बघायचं, ते त्यांनी मला शिकवलं. हायड्रोमीटर म्हणजे तेजाब ओढून मोजायची ती गोळ्यांची काचेची नळी, ती उभी धरायची, टपकू द्यायची नाही. शेवटी आठ दिवस त्या खाटेवर होत्या. बोलणं फार नव्हतं. गुरुवारी मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, पाणी बघितलं? मी हो म्हटलं. बघितलं नव्हतं. मग जाऊन बघून आले. शनिवारी त्या गेल्या, वर पंखा चालू होता.

दिवस झाल्यावर विनू माझ्याकडे आला. म्हणाला, काकू, त्या पंगतीचं काय करायचं? मी म्हटलं, मांडलेली पंगत उठवतात का रे? त्यानं स्वतः भिंतीला भोक पाडून तार माझ्या घरात आणून दिली. आता आखाजीला मी दोन घागरी भरते. आबांचा इवला दिवा मी माझ्या देवघरात आणलाय. अजून जळतो.

हात माझा जिजींसारखा स्थिर नाही. गेल्या गुरुवारी नळी टपकली असावी. काल नवीन साडी धुताना बोट आरपार गेलं. विनूच्या मुलीनं पहिल्या पगारातून आणलेली साडी. घटकाभर वाईट वाटलं. मग दोऱ्याचा डबा काढला, चष्मा लावला आणि उन्हात बसून फूल काढलं. जिजींच्या फुलांना पाच पाकळ्या असायच्या. मला चारच जमल्या.